शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. फ्लॉरेन्स सेबिन

पायास कांटा मोडून जखम पिकली कीं जांघेंत अवधाण येतें, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं अनुभविलें असेल. जखम पायास आणि गांठ जांघेंत, असें कां व्हावें? याचें कारण असें कीं, रक्तवाहिन्यांखेरीज आपल्या शरीरांत दुसऱ्याही एका प्रकारच्या सूक्ष्म वाहिन्यांचें जाळें पसरलेलें आहे. त्यांतून लसिका नांवाचा पाण्यासारखा रस वाहतो. तो वाटेंतील गांठींतून गाळला जाऊन अखेर मानेजवळील मोठ्या शिरांतील रक्तास मिळतो. गर्भांत या वाहिन्या प्रथम कोठून निघतात, याचा उलगडा करणाऱ्या विदुषीचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्लॉरेन्स सेबिन यांचा जन्म अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत, सेंट्रल सिटी या खाणींच्या गांवीं, ९ नोव्हेंबर १८७१ रोजीं झाला. आई लहानपणींच वारली. १८९३ सालीं स्मिथ कॉलेजची पदवी मिळाली, पण वैद्यक शिकण्यास पैसा नव्हता. तेव्हां तीन वर्षें शिक्षिकेचें काम करून त्यांनीं रक्कम सांठविली व १८९६ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकशाळेंत प्रवेश केला.

या शाळेचें दार स्त्रियांस उघडें होतें, याचें श्रेय मात्र विद्यापीठाच्या औदार्यास देतां येत नाहीं. शाळा काढण्यास पैसा अपुरा पडला, तो मेरी गॅरेट व त्यांच्या मैत्रिणींनीं उभा करून दिला, आणि पुरुषांच्याच अटींवर स्त्रियांसही घेतलें पाहिजे असा करार करून घेतला. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांस १८८६ सालीं पदवी मिळाली, ती फिलाडेल्फियाच्या केवळ स्त्रियांसाठीं असलेल्या विद्यालयाची, हें वाचकांस आठवत असेलच.

हॉपकिन्स येथें प्रो. फ्रँकलिन मॉल हे शरीररचनाशास्त्राचे आचार्य होते. व्याख्यानें ऐकून घोकण्यापेक्षां विद्यार्थ्यानें स्वतः चिरून, स्वतः पाहून शिकावें, असा त्यांचा कटाक्ष असे. सेबिनबाईंस हे गुरु मानवले. अर्भकाच्या मेंदूच्या बुंध्याचा अभ्यास करून त्यांनीं त्याची प्रतिकृति बनविली व १९०१ सालीं त्याच भागाचा चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं त्या तेथें अध्यापक झाल्या.

आतां लसिकावाहिन्यांविषयीं. या वाहिन्या शरीराच्या पेशींमधील पोकळ्यांतून निर्माण होतात व मग शिरांकडे वाढत जातात, असें पुष्कळ पंडित मानीत. वाद सुटेना, कारण त्या इतक्या नाजूक कीं साध्या डोळ्यांस दिसतच नाहींत. सेबिनबाईंनीं डुकराचे गर्भ घेतले. बोटाच्या पेराएवढा तो गर्भ! त्यांत अत्यंत बारीक सुईनें रंगीत द्रव सोडावयाचा, आणि तो कोठकोठें शिरतो तें सूक्ष्मदर्शकानें पाहावयाचें. सुई केसभर चुकली कीं सारा खटाटोप फुकट. लहान गर्भापासून मोठ्या गर्भापर्यंत क्रमानें पाहत गेल्यावर असें दिसलें कीं, फांदीस अंकुर फुटावा त्याप्रमाणें या वाहिन्या शिरांनाच फुटतात व तेथून बाहेर पसरतात. विरोधकांनीं हें मत वर्षानुवर्षें मान्य केलें नाहीं. २००७ सालीं उंदरांच्या गर्भांत पेशींचा वंश शोधून पाहतां मूळ शिरांतच सांपडलें. कांहीं अवयवांत अन्य पेशीही या कामीं हातभार लावितात, असें त्यानंतर आढळलें आहे. तथापि मुख्य गोष्ट सेबिनबाईंचीच खरी ठरली.

१९१७ सालीं मॉल वारले. त्यांच्या जागीं सेबिनबाईंची नेमणूक होईल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ती जागा मिळाली लुइस वीड यांस, आणि वीड हे बाईंचेच पूर्वीचे शिष्य! वीड यांच्या योग्यतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु बाई पुरुष असत्या तर असें घडलें असतें काय, असा प्रश्न उद्भवल्यावांचून राहत नाहीं. त्याच वर्षीं त्यांस सूक्ष्मरचनाशास्त्राचें पूर्ण प्राध्यापकपद देण्यांत आलें. त्या वैद्यकशाळेंत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पण विभागाचें प्रमुखपद तें नव्हे.

त्या शाळा सोडून गेल्या नाहींत, हातचें संशोधन पुरें करीत राहिल्या. पुढें कोंबडीच्या जिवंत गर्भांत रक्तवाहिन्या कशा घडतात हें पाहत त्या सारी रात्र सूक्ष्मदर्शकाशीं बसल्या, आणि हृदयाचा पहिला ठोका त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला. अशा रात्रीचा मोबदला कोणत्या खुर्चीनें व्हावा?

१९२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें प्रथमच एका स्त्रीस सभासद निवडलें, त्या ह्याच. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत जाऊन १९३८ पर्यंत त्यांनीं क्षयरोगावर संशोधन केलें.

नंतर त्या कोलोरॅडोस परतल्या. १९४४ सालीं तेथील गव्हर्नरानें त्यांस आरोग्यसमितीचें अध्यक्षपद दिलें. ही वृद्ध बाई कोणास फारसा त्रास देणार नाहीं अशी अटकळ होती, असें सांगतात. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं बाई गांवोगांव हिंडल्या, दूध व सांडपाणी यांची दुर्दशा लोकांपुढें मांडली, आणि १९४७ सालीं आरोग्याचे नवे कायदे मंजूर करविले. डेन्व्हर शहराच्या आरोग्यखात्याची धुरा वाहतांना मिळणारें वेतन त्यांनीं वैद्यकीय संशोधनास देऊन टाकलें. ३ ऑक्टोबर १९५३ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.