पद्मिनीला मागे रुंद टायर बसवताना

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी ‘पद्मिनी’ 5.20-14 मापाच्या अरुंद टायरांवर धावायची. टायर सव्वापाच इंचांहून किंचित कमी रुंद, रिम 14 इंची. 1089 सीसीच्या इंजिनाला तेवढे पुरे होते. आज जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि आजूबाजूच्या गाड्या ताशी 120 किलोमीटरने धावतात. तिथे जुनी गाडी नेणाऱ्याला पकड वाढवावीशी वाटणे साहजिक आहे. पद्मिनीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो, म्हणून विचार मागूनच सुरू होतो.

रुंदी वाढली तरी चाकाची उंची फारशी बदलता कामा नये. नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. मूळ चाक साधारण 61 सेंटीमीटर उंच. 165/80 आर14 टायरचे चाक सुमारे 62 आणि 175/70 आर14 चे 60 सेंटीमीटर भरते, म्हणजे दोन्ही जवळपास बसतात. 175 साठी रिम किमान साडेचार इंच रुंद हवे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि वळणावर गाडी डुलते.

खरी अडचण जागेची. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला कमानपाटे, बाहेर मडगार्डची दुमडलेली कड. रिकाम्या गाडीत बोटभर दिसणारी फट चार माणसे बसली की नाहीशी होते. टायरच्या दोन्ही भिंतींवर खडू फासून, गाडी भरून, खड्ड्यांतून आणि वळणांवरून फिरवून आणावी. खडू पुसला गेला तर टायर घासतो आहे. जालन्याच्या काळ्या मातीत फट थोडी जास्तच ठेवलेली बरी, कारण पावसाळ्यात चिकट चिखल तिथेच दाटतो.

जागा करण्यासाठी स्पेसर घालून चाक बाहेर काढणे हा सर्वांत वाईट उपाय. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर आणि ॲक्सलवर ताण. रिम कापून मध्ये पट्टी जोडून घेण्याची पद्धतही आहे. पण वेल्डिंग थोडे जरी वाकडे झाले तरी चाक थरथरते. त्यापेक्षा योग्य मापाचे तयार रिम शोधावे.

एकाच ॲक्सलवर जुना क्रॉसप्लाय (तिरक्या धाग्यांचा) आणि नवा रेडियल (मापात ‘आर’ असलेला) टायर कधीही एकत्र लावू नये. दोनच रेडियल घेणार असाल तर ते मागे बसवावेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय असेल तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरते. पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो, हेही ध्यानात असावे. स्टेपनीही बसेल अशी हवी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी जालन्याच्या आरटीओत विचारून घ्यावे. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मात्र तिच्या चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. टायर आणि रिम काढून मूळची बसवता येतात. कापलेले मडगार्ड मात्र परत मिळत नाही, त्यामुळे पत्र्याला कात्री लावू नये.