कुंडीतील फुलझाडांना खत : कोणते, किती आणि केव्हा?

बरगी (जबलपूर) : अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीत लावलेल्या गुलाबाला, मोगऱ्याला अथवा जास्वंदीला फुले का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत खताच्या पोत्यात शोधले जाते. प्रत्यक्षात खताअभावी दगावणाऱ्या कुंड्यांपेक्षा खताच्या अतिरेकाने करपणाऱ्या कुंड्यांकडे अधिक लक्ष देण्याची गरज आहे. ज्या घरात शेतीचे खत सहज हाताशी असते, तेथे हा धोका विशेष असतो.

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातील बरगी परिसर हे त्याचे चांगले उदाहरण म्हणता येईल. नर्मदेवरील बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये पूर्ण झाले. राणी अवंतीबाई लोधी सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयातून निघालेला डावा कालवा जबलपूर आणि नरसिंहपूर जिल्ह्यांतील शेतीला पाणी पुरवतो. गहू, भात, हरभरा आणि वाटाणा ही या भागातील महत्त्वाची पिके आहेत. सिंचनाखालील शेतीबरोबर युरिया आणि डीएपीची पोती घरात येतात आणि त्यातील मूठभर खत ओसरीवरील कुंडीत टाकण्याचा मोह होतो. महाराष्ट्रातील बागायती गावांतही चित्र वेगळे नाही.

मूठभर युरियाचा हिशेब

एक एकर शेतातील वरच्या १५ सेंटिमीटर थराच्या मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. दहा इंची कुंडीत साधारण ९ किलो माती मावते, म्हणजेच ही कुंडी एकराचा एक लाखावा हिस्सा होय. एकराला युरियाचे ४५ किलोचे एक पोते दिले, तर त्याच प्रमाणात कुंडीच्या वाट्याला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी युरिया येतो. मुठीत मात्र सहज ३० ग्रॅम युरिया मावतो. याचाच अर्थ असा की, मूठभर युरिया देणारी व्यक्ती आपल्या मोगऱ्याला शेताच्या तुलनेत साठपटींहून अधिक मात्रा देत असते.

या मात्रेचा परिणाम दुहेरी असतो. विरघळलेल्या क्षारांमुळे मातीतील पाणी मुळांना शोषून घेता येत नाही. उलट मुळांतीलच पाणी बाहेर ओढले जाते. त्याच वेळी युरियाचे विघटन होऊन तयार होणारा अमोनिया कोवळ्या मुळांना इजा करतो. शेतात मुळांना दूरवर पसरण्यास वाव असतो, कुंडीत तो नसतो. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपणे, माती ओली असतानाही झाड मरगळणे आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसणे ही या अतिरेकाची लक्षणे आहेत. अशा वेळी मरगळलेल्या झाडाला आणखी खत देणे घातक ठरते.

पोत्यावरील आकड्यांचा अर्थ

खताच्या पिशवीवर छापलेले तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण दर्शवतात. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार विक्रीच्या खतावर अन्नद्रव्यांचे प्रमाण नमूद करणे बंधनकारक आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते, तर सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर गंधकही मिळते. कुंड्यांसाठी सोयीचे ठरणारे १९:१९:१९ हे पाण्यात पूर्ण विरघळणारे खत तिन्ही अन्नद्रव्ये समप्रमाणात देते.

नत्रामुळे पाने व फांद्या वाढतात. स्फुरद मुळांच्या वाढीस आणि वनस्पतीतील ऊर्जेच्या देवाणघेवाणीस आवश्यक असते. पालाशामुळे पाण्याचे नियमन सुधारते आणि फुलांची प्रत चांगली राहते. एकट्या युरियावर पोसलेली जास्वंद हिरवीगार दिसते, पण कळ्या धरत नाही, त्याचे कारण हेच.

स्फुरदाविषयी मात्र एक गैरसमज रूढ आहे. अधिक स्फुरद म्हणजे अधिक फुले, असे मानून डीएपी वारंवार दिले जाते. गरजेपुरते स्फुरद मिळाल्यानंतर त्याची जादा मात्रा फुले वाढवत नाही. उलट लोह आणि जस्त यांच्या शोषणात अडथळा येतो. कुंडीत डीएपी द्यायचेच असेल, तर सहा-आठ दाणे मोजून, खोडापासून दूर, कडेच्या मातीत मिसळावेत आणि किमान दोन महिने पुन्हा देऊ नयेत.

काळी माती आणि स्वयंपाकघरातील उपाय

नर्मदेच्या खोऱ्यात काळी माती मोठ्या प्रमाणावर आढळते. विदर्भ आणि मराठवाड्यातील वाचकांनाही ती परिचित आहे. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची क्षमता चांगली असते, परंतु ती बहुधा अल्कधर्मी असते आणि तिच्यात चुन्याचे प्रमाण अधिक असू शकते. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना उपलब्ध होत नाही. कूपनलिकेचे जड पाणी दिल्यास ही अडचण वाढते.

म्हणूनच घरगुती उपाय पारखून घ्यावे लागतात. चुलीतील राखेत पालाश असते हे खरे, पण राख स्वतः अल्कधर्मी असल्याने काळ्या मातीतील जास्वंदीला ती बाधते. अंड्याच्या टरफलांतून मिळणारा चुना या मातीत मुळातच मुबलक असतो. दूध-साखरेसह टाकलेला चहाचा चोथा मुंग्या व बुरशीला आमंत्रण देतो. तो धुऊन, वाळवून आणि कंपोस्टमध्ये कुजवूनच वापरावा. केळीच्या साली भिजवलेल्या पाण्यात अन्नद्रव्यांचे प्रमाण अत्यल्प असते, त्यामुळे सालीही कंपोस्टमध्ये टाकणे अधिक उपयुक्त होय.

कुंडीत निव्वळ काळी माती भरल्यास पाण्याचा निचरा होत नाही आणि मुळे कुजतात. माती, चांगले कुजलेले खत आणि वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा समप्रमाणात घेऊन केलेले मिश्रण फुलझाडांना मानवते.

कंपोस्टची इंदूर पद्धत

कंपोस्टच्या शास्त्राशी मध्य प्रदेशाचे आणि मराठी नावाचेही जुने नाते आहे. इंदूर येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ या संस्थेत ब्रिटिश शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा शास्त्रीय रीतीने कुजवण्याची पद्धत विकसित केली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ही ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचून, ओलावा राखून ते ठरावीक अंतराने उलथवणे, हे तिचे सूत्र होय. त्यातून साधारण तीन महिन्यांत खत तयार होते.

गच्चीवरील एखाद्या सच्छिद्र पिंपातही हेच तत्त्व वापरता येते. तयार खत काळसर आणि भुसभुशीत असते व त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. शेणखत वापरतानाही ते पूर्ण कुजलेले असल्याची खात्री करावी, कारण ताज्या शेणाच्या कुजण्यातून निर्माण होणारी उष्णता मुळांना हानी पोहोचवते.

गांडूळखतात नत्राचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असते. त्यामुळे दहा इंची कुंडीला दीड-दोन महिन्यांतून दोन मुठी गांडूळखत दिले तरी अपाय होत नाही. निंबोळी पेंड नत्र सावकाश उपलब्ध करून देते. मोहरीची पेंड पाण्यात आठवडाभर भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून देण्याची पद्धत उत्तर आणि मध्य भारतात प्रचलित आहे. येथील दुकानांत पेंडीला ‘खली’ आणि गांडूळखताला ‘केंचुआ खाद’ म्हणतात.

लक्षणे ओळखावीत

खत देण्यापूर्वी पिवळी पडणारी पाने नवी आहेत की जुनी, हे पाहावे. खालची जुनी पाने सर्वांगाने फिकट होत असतील, तर नत्राची कमतरता संभवते. शेंड्याकडील नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील, तर लोह कमी पडत आहे. अनंत, जास्वंद आणि एक्झोरा यांत हे लक्षण वारंवार आढळते. त्यावर युरिया हा उपाय नव्हे. चिलेटेड लोह किंवा एक लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे. हिराकसाचे डाग फरशीवर राहतात, याची नोंद घ्यावी. जुन्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडत असेल, तर मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता असते.

मात्र पाने निरोगी असूनही फुले येत नसतील, तर आधी प्रकाशाचा विचार करावा. गुलाब, जास्वंद आणि मोगरा यांना दररोज किमान पाच-सहा तास ऊन हवे. शेवंती रात्री मोठ्या होऊ लागल्यावरच कळ्या धरते. रात्रभर दिव्याच्या उजेडात ठेवलेल्या शेवंतीला कोणतेही खत फुलवू शकत नाही. पीस लिली आणि आफ्रिकन व्हायोलेट घरात, खिडकीजवळच्या उजेडात फुलतात. त्यांना खताची मात्राही निम्मीच पुरते.

मात्रा आणि ऋतू

नवी पालवी फुटल्यापासून कळ्या धरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात १९:१९:१९ हे खत द्यावे. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम, म्हणून एक चमचा खतास चार-पाच लिटर पाणी घ्यावे. दहा इंची कुंडीला अर्धा लिटर द्रावण पुरेसे होते. त्यातून मिळणारे खत अर्धा ग्रॅमच असते. कुंडीतील अन्नद्रव्ये पाण्याबरोबर वाहून जात असल्याने थोड्या मात्रेची पुनरावृत्ती योग्य ठरते, एकदाच दिलेली मोठी मात्रा नव्हे.

कोरड्या मातीत खत देऊ नये, आधी साधे पाणी द्यावे. मे महिन्यात जबलपूर परिसरात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा तापमानात, तसेच कुंडी बदलल्यानंतर महिनाभर रासायनिक खत टाळावे. मुसळधार पावसात उघड्यावरील कुंडीला दिलेले खत झाडाला न मिळता गटारात आणि तेथून नदी-नाल्यांत जाते. गुलाबाची छाटणी मध्य भारतात ऑक्टोबरच्या सुमारास केली जाते. त्यानंतर नवे धुमारे दिसू लागले की खत सुरू करावे.

चुकून मात्रा अधिक झाली असेल, तर दिसणारे दाणे वेचून काढावेत आणि कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधे पाणी सावकाश ओतून तळातून निथळू द्यावे. खालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच काढून टाकावे.

घरातील सुरक्षितता

युरिया आणि अन्य पांढरी खते साखर किंवा मिठासारखी दिसतात. ती स्वयंपाकघरातील डब्यांत कधीही ठेवू नयेत. डब्यावर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावीत. युरिया कालवलेल्या बादलीतील पाणी गाई-बैलांनी प्यायल्यास त्यांच्या जिवावर बेतू शकते. एरंडीची पेंड कुत्र्यांसाठी विषारी असते, त्यामुळे पाळीव प्राणी असलेल्या घरात तिचा वापर टाळणेच इष्ट.

मातीविषयी शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्राकडे मार्गदर्शन मागता येते. जबलपूरमध्ये १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ आहे. देशभरातील शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक असून तेथे प्रादेशिक भाषांतून सल्ला दिला जातो. कुंड्यांपुरते बोलायचे झाल्यास, पोत्यातील खत शेतासाठी राखून ठेवावे आणि घरातील फुलझाडांना चमच्याने मोजूनच खत द्यावे.