बिलाच्या खिडकीपाशी : रुग्णाचे हक्क आणि निर्धन रुग्ण निधी

रुग्ण बरा होऊन घरी जाण्याचा दिवस हा वस्तुतः आनंदाचा दिवस. परंतु आपल्या रुग्णालयात अनेक वर्षे वावरल्यानंतर असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते की, नातेवाइकांच्या चेहऱ्यावरील सर्वाधिक ताण शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी नव्हे, तर पुष्कळदा बिलाच्या खिडकीपाशी दिसतो. शस्त्रक्रियेविषयी डॉक्टर बोलतात, धीर देतात. बिलाविषयी मात्र कोणी बोलत नाही. ते एक दिवस हाती पडते. ही उणीव काही अंशी भरून निघावी, या हेतूने प्रस्तुत लेख अहवालात समाविष्ट केला आहे. देणगीदारांनीही तो वाचावा अशी विनंती आहे, कारण त्यांच्या पैशाचा आणि या खिडकीचा संबंध फार निकटचा आहे.

आरंभी आमच्याच एका चुकीची कबुली देतो. शेतमजुरी करणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या पत्नीला खुब्याचे हाड मोडल्यामुळे येथे दाखल केले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. बिल त्यांनी पूर्ण भरले, एक पैचीही सवलत मागितली नाही. पंधरा दिवसांनी टाके तपासण्यासाठी ते आले, तेव्हा समाजसेवा विभागातील भगिनींशी सहज बोलताना कळले की, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाची शिधापत्रिका दाखल होतानाही त्यांच्या खिशातच होती, आणि बिलाची रक्कम त्यांनी दरमहा शेकडा पाच रुपये व्याजाने उचलली होती. त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही. ‘मागायचे कसे?’ एवढेच ते म्हणाले. विश्वस्तांनी त्यांचे बिल नव्याने करवून घेतले व रक्कम परत दिली, पण मधल्या काळाचे व्याज आम्ही परत देऊ शकलो नाही. फलक भिंतीवर होता. तो वाचण्याच्या मनःस्थितीत तेथे कोणी नसते, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

ज्या तरतुदीचा लाभ या कुटुंबास पहिल्याच दिवशी मिळावयास हवा होता, तिचा इतिहास थोडक्यात असा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) यात १९८५ साली ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले. सार्वजनिक न्यासाने चालविलेल्या मोठ्या रुग्णालयांनी आपल्या काही खाटा गरिबांसाठी राखाव्यात, हे त्या कलमाचे सार. तथापि कलम होऊनही अंमलबजावणी कशी व्हावी याविषयी पुष्कळ काळ संदिग्धता राहिली. अखेरीस २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायालयाने एका सविस्तर योजनेस मान्यता दिली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे.

या योजनेनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य उपचाराकरिता आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. निर्धन कोण आणि दुर्बल कोण, हे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरते. २००६ साली ही मर्यादा अनुक्रमे २५ हजार व ५० हजार रुपये होती. पुढे ती ८५ हजार व १ लाख ६० हजारांपर्यंत नेण्यात आली आणि त्यानंतरही वाढविण्यात आली आहे. म्हणून पूर्वी कधीतरी ऐकलेल्या आकड्यावरून ‘आपण यात बसत नाही’ असा ग्रह कोणी करून घेऊ नये. लागू असलेली मर्यादा समाजसेवा विभागात विचारावी. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अथवा शिधापत्रिका लागते. कागद हाती नसल्यास उपचार थांबत नाहीत, मात्र ते घरी जाण्यापूर्वी आणून देणे सर्वांच्याच सोयीचे ठरते.

आता प्रत्यक्ष बिल कसे तयार होते ते पाहू, कारण गैरसमजांचे मूळ येथेच आहे. निर्धन रुग्णाच्या बाबतीत काही सेवांचा आकार मुळी लावायचाच नसतो. खाट, निवासी डॉक्टर व परिचारिकांची सेवा, रुग्णालय पुरवीत असल्यास जेवण, चादरी, पाणी, वीज, स्वच्छता आणि उपचारासाठी आवश्यक अशा नेहमीच्या तपासण्या या त्यांत मोडतात. उरलेल्या सेवांचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या, म्हणजे सामान्य कक्षाच्या दराने होते. औषधे, एकदाच वापरावयाचे साहित्य आणि शरीरात बसवावयाची उपकरणे ही रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरली जातात, छापील किमतीने नव्हे. डॉक्टरांनी आपले मानधन सोडले असेल तर तेही बिलातून वगळले जाते. अशा रीतीने जी रक्कम उरते, ती रुग्णाकडून न घेता ‘निर्धन रुग्ण निधी’च्या खाती खर्ची पडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारा सांधा छापील किमतीने ३० हजार रुपयांचा व औषधे १८ हजारांची, म्हणजे दोन्ही मिळून ४८ हजार. रुग्णालयाची खरेदी किंमत अनुक्रमे १६ हजार व १२ हजार, म्हणजे २८ हजार. निर्धन रुग्णास यांपैकी काहीही द्यावे लागत नाही. हे २८ हजार निधीतून जातात. दुर्बल घटकांतील रुग्णाने औषधे, साहित्य व उपकरणे यांच्या बिलाचा किमान अर्धा भाग भरावयाचा असतो, म्हणजे या उदाहरणात १४ हजार. उर्वरित भार पुन्हा निधीवर येतो. ४८ हजार आणि १४ हजार यांतील अंतर हे एखाद्या कुटुंबाची दुभती म्हैस दावणीला राहते की बाजारात जाते, एवढे असते.

हा निधी येतो कोठून? निर्धन व दुर्बल रुग्ण वगळता इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने या खात्यात जमा करावयाची असते. एक कोटी रुपयांची बिले झाली, तर दोन लाख रुपये. येथे इतर रुग्णांच्या नातेवाइकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, त्यांच्या बिलावर यासाठी कोणताही वेगळा आकार चढविला जात नाही. रुग्णालय आपल्या उत्पन्नातून ही रक्कम बाजूला काढते. गरीब रुग्णांच्या उपचारासाठी म्हणून मिळालेल्या देणग्याही याच खात्यात जमा होतात आणि त्या इमारतीच्या रंगरंगोटीकडे वा नव्या यंत्राकडे वळविता येत नाहीत. दोन टक्क्यांचे गणित कागदावर सोपे दिसते, परंतु अतिदक्षता विभागातील एकच दीर्घ आजार त्या खात्याला कसा पोखरतो, हे आमचे लेखापाल जाणतात. निधी आटला म्हणून दारात आलेल्या रुग्णास परत पाठवावे, हे आम्हास मान्य नाही. देणगीदारांकडे वारंवार येण्याचे संकोचास्पद काम आम्ही करतो ते याच कारणाने.

अनामत रकमेविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. तातडीच्या प्रसंगी उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच स्पष्ट केले. २००६ ची योजनाही तेच सांगते. अत्यवस्थ रुग्णास धर्मादाय रुग्णालयाने तात्काळ दाखल करून घ्यावे, प्राण वाचविणारे उपचार करून त्याची प्रकृती स्थिर करावी आणि निर्धन वा दुर्बल घटकांतील रुग्णाकडून अनामत मागू नये. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका दुर्दैवी घटनेनंतर या प्रश्नाची राज्यभर चर्चा झाली. इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आमच्या विश्वस्तांनी स्वतःच्याच प्रवेश खिडकीवरील पद्धत तपासून पाहिली, एवढेच येथे नोंदवितो.

ज्यांना ही योजना लागू होत नाही अशा रुग्णांनाही हक्क आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. दरांची आगाऊ माहिती, बाबवार बिल, औषधे व तपासण्या कोठून घ्याव्यात याची निवड या गोष्टी तीत आहेत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून केंद्राचे नियंत्रण आले. तेव्हा बिलावर नुसते ‘साहित्य’ असे लिहून मोठा आकडा टाकला असेल, तर त्याची फोड मागण्यात अवमान कोणाचाही होत नाही. आमच्या बिलातही तसे आढळल्यास अवश्य मागावी.

सर्वांत नाजूक प्रश्न शेवटच्या दिवसाचा. बिल बाकी आहे म्हणून रुग्णास घरी जाऊ न देणे, अथवा मृताचा देह नातेवाइकांच्या स्वाधीन न करणे, हे बेकायदेशीर आहे. मुंबई व दिल्ली उच्च न्यायालयांनी निरनिराळ्या प्रकरणांत रुग्णास अडकवून ठेवणाऱ्या रुग्णालयांना खडसावले आहे, आणि वर उल्लेखिलेली सनदही तेच सांगते. बिल हे देणे आहे. ते वसूल करण्यासाठी रुग्णालयास दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे, पण रुग्णाचे शरीर हे तारण नव्हे. याचा अर्थ बिल बुडविण्याची मुभा आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. ऐपत असूनही पाठ फिरविणारे कुटुंब शेवटी त्याच निधीवर हात मारते, ज्यावर पुढच्या गरीब रुग्णाचा हक्क आहे. अशी प्रकरणे थोडी असतात, तरी त्यांचा सल राहतो.

तक्रार असेल तर प्रथम समाजसेवा विभागात व नंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्यावी. तेथे समाधान न झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयाकडे जाता येते. योजनेवर देखरेख करणारी समिती तेथेच असते. सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. ज्या रुग्णालयात काही रुग्ण पैसे देतात, तेथील विनामूल्य उपचार घेणारा रुग्णही ग्राहकच ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आहे. विनामूल्य म्हणजे दुय्यम नव्हे, हे त्यातून आम्हासही उमजले.

वर उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाने एक लहानसा बदल केला. प्रवेशाचा कागद भरताना नाव, वय, पत्ता यांच्या पाठोपाठ ‘शिधापत्रिका कोणत्या रंगाची?’ हा प्रश्न आता प्रत्येकालाच विचारला जातो, मग तो मोटारीतून आलेला असो वा एस. टी.तून. सर्वांना विचारल्यामुळे कोणालाच कमीपणा वाटत नाही. पिवळे वा केशरी असे उत्तर आले की, तो कागद त्याच दिवशी समाजसेवा विभागाकडे जातो आणि तेथील भगिनी स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी येतात. निधीचा जमाखर्च ताळेबंदाच्या परिशिष्टात स्वतंत्रपणे दिला असून, त्याविषयी देणगीदारांनी कार्यालयात येऊन विचारल्यास मूळ वह्या दाखविण्यात येतील.