श्रेयांकांची शिदोरी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. गेल्या वर्षी त्यांचे काम दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तसे आमचे बिऱ्हाडही हलले. मी नुकतीच प्रथम वर्ष कला उत्तीर्ण झाले होते. पण ते विद्यापीठ मागे राहिले. “मग आता पुन्हा पहिल्यापासून का गं?” आईने विचारले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे जे समजले, ते माझ्यासारखी वेळ येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

आता प्रत्येक विषयाला अभ्यासाच्या तासांप्रमाणे श्रेयांक असतात. विषयात उत्तीर्ण झालो की ते आपल्या नावावर होतात. महाराष्ट्रातील नव्या रचनेत एका सत्राचे २० ते २२ आणि तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ श्रेयांक धरले आहेत. हे श्रेयांक साठविण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम केले. डिजिलॉकरवरून खाते उघडले की बारा अंकी क्रमांक मिळतो. जमा श्रेयांक साधारणपणे सात वर्षे टिकतात. म्हणजे आजारपणामुळे वा लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या मुलीलाही त्या मुदतीत पुढचे वर्ष धरण्याची वाट मोकळी राहते.

मात्र नेहमीच्या बँकेत आणि या बँकेत एक मोठा फरक आहे. पैसे आपण स्वतः भरू शकतो. श्रेयांक संस्थेनेच जमा करावे लागतात. विद्यार्थ्याने गुणपत्रिका नेली तर बँक ती स्वीकारत नाही. मी खाते उघडून पाहिले, तर आत काहीच नाही! गुणपत्रिकेवर माझे आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी; शिवाय वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे निराळे. नाव जुळेना, म्हणून श्रेयांक चढेनात. जुन्या कॉलेजच्या कार्यालयात “पुढच्या आठवड्यात या” असे ऐकत तीन खेपा झाल्या. एस.टी.ला मला अर्धे तिकीट पडते खरे. पण दर खेपेस वडील कामावर खाडा करून सोबत आले. तो खाडा कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, श्रेयांक जमा असले म्हणजे प्रवेश मिळालाच असे नाही. नव्या कॉलेजात जागा शिल्लक असावी लागते, विद्यापीठ पात्रता तपासते आणि दोन्हीकडचे अभ्यासक्रम ताडून पाहिले जातात. माझा मुख्य विषय मराठी. तो जुळला, परंतु दुसरा एक विषय जुळला नाही, त्याची परीक्षा मला नव्याने द्यावी लागली. त्यासाठी वर्ष मात्र गेले नाही.

म्हणून विद्यापीठ बदलण्याची वेळ आली, तर जुने कॉलेज सोडण्यापूर्वीच आपले खाते उघडून श्रेयांक चढले आहेत का ते पाहावे. सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. दोन्ही सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र हाती घ्यावे. अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रतही मागून घ्यावी. माझा मराठी विषय जुळविताना सर्वांत उपयोगी पडली ती हीच. शिदोरी घरातून निघतानाच बांधायची असते, अर्ध्या वाटेवरून परत येऊन नव्हे.

ज्यांच्या घरी आधी कोणी शिकलेले असते, त्यांना हे दादा-ताई सांगतात. आमच्या घरी सांगणारे कोणी नसते. म्हणून प्रथम वर्षाच्या पहिल्याच महिन्यात ही माहिती वर्गावर्गांतून दिली जावी, अशी गुरुजनांना नम्र विनंती आहे. आमच्या धाकट्या भावाला तरी आईने तो प्रश्न विचारू नये.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला