भुकेचा हिवाळा आणि पोटातली मुलं

सप्टेंबर १९४४. दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला मदत व्हावी म्हणून नेदरलँड्समधल्या रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी त्याचा सूड देशाच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखून उगवला. बंदी थोडी सैल होते न होते तोच कालवे गोठले. शहरांमध्ये माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली आला. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. आतला पिवळा गाभा बाधतो म्हणून तो आधी कोरून टाकायचा. मे १९४५मध्ये देश मुक्त झाला आणि पानात पुन्हा जेवण आलं.

इतक्या नेमक्या तारखांचा दुष्काळ विरळाच. त्यातून डच लोक नोंदींना पक्के. जन्माची नोंद होतीच, शिवाय एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीसाठी झालेली तपासणीही होती. झेना स्टाइन आणि मर्व्हिन ससर या दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह हे दप्तर चाळलं. त्या हिवाळ्यात पोटात असलेल्या मुलांची बुद्धी कमी पडलेली त्यांना दिसली नाही, असं त्यांनी १९७२मध्ये मांडलं.

पुढे त्यांचाच मुलगा, मनोविकारतज्ज्ञ एझ्रा ससर, मनोरुग्णांच्या नोंदींकडे वळला. उपासमार ऐन भरात असताना ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. चीनमधल्या १९५९ ते १९६१च्या दुष्काळाच्या अभ्यासातही जवळपास हाच आकडा आला. अर्थात हा आजार एरवी शंभरात जेमतेम एकाला होतो. म्हणजे दुप्पट धरूनही बहुतेक मुलं त्यातून सुटली. आईच्या उपासाने मुलाचं नशीब लिहिलं जातं, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

नेमकं बिघडतं काय? फॉलेट या जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर संशय आहे, पुरावा अपुरा. २००८मध्ये मात्र असं आढळलं, की गर्भधारणेच्या सुमारास भूक सोसलेल्यांच्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या. तो जनुक शरीराच्या वाढीचा; मनोविकाराशी त्याची गाठ मारायची घाई नको.

आपल्याकडे गर्भसंस्काराच्या नावाखाली गाण्यांचा बाजार मांडला जातो. त्याआधी पाहायला हवं ते आईचं ताट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व मोजलं होतं. ज्यांच्यात ते फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली.