हृदयाचा बायस सरकतो तेव्हा

मेसमध्ये कोणी 'हार्टचा प्रॉब्लेम' म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते ब्लॉकेज आणि अँजिओप्लास्टी. म्हणजे थोडक्यात प्लंबिंग. पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना जास्त जवळचा वाटेल असाही एक बिघाड असतो. नळ्या साफ, पंप ठणठणीत, आणि गडबड रक्तातल्या क्षारांत!

हृदयाच्या पेशीच्या आत पोटॅशियम असतं साधारण १४० मिलिमोल प्रति लिटर. बाहेर रक्तात फक्त साडेतीन ते पाच. हा फरक टिकवायला पेशीच्या भिंतीत एक पंप अहोरात्र चालतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. (येन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने तो १९५७ साली दाखवला, नोबेल मिळालं १९९७ साली. आपण रिझल्ट दोन महिने लांबला तर बोंब मारतो.)

आता परीक्षेनंतर सगळे विसरलेलं नर्न्स्टचं समीकरण काढा. बाहेर ४, आत १४० घातले की उत्तर येतं सुमारे उणे ९४ मिलिव्होल्ट. ४ चे ७ करा, उणे ७९. रक्तातली किरकोळ वाटणारी वाढ, पण पेशीचा बायस १५ मिलिव्होल्टने सरकला! मग सोडियमची दारं नीट उघडत नाहीत आणि सिग्नल रेंगाळतो. ईसीजीत टी वेव्ह टोकदार होते, क्यूआरएस रुंदावतो आणि शेवटी चक्क साइन वेव्ह. सीआरओवर साइन वेव्ह दिसली की आपण खूश. आयसीयूत दिसली की धावाधाव.

पोटॅशियम कमी झालं तरी सुटका नाही. पेशीला रिसेट व्हायला वेळ लागतो, मधेच जादा ठोके पडतात. मॅग्नेशियमही कमी असेल तर दिलेलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, म्हणून तेही भरून काढावं लागतं.

उपचारातली मला सगळ्यात भन्नाट वाटलेली गोष्ट म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट. पोटॅशियम खूप वाढलेलं असताना हे शिरेतून देतात, पण त्याने पोटॅशियम तसूभरही उतरत नाही! ते फक्त अर्धा-एक तास हृदयाला सांभाळून घेतं. तेवढ्यात इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलायचं, आणि मग औषधाने किंवा डायलिसिसने शरीराबाहेर काढायचं. कमी असेल तर गोळ्या किंवा पातळ औषध. फारच कमी असेल तर सलाईनमधून, तेही साधारण ताशी १० मिलिमोल अशा संथ गतीने. थेट इंजेक्शन मारलं तर हृदय बंद पडू शकतं.

होस्टेलवर याचा संबंध येतो तो पावसाळ्यात. जुलाब लागले की पाण्याबरोबर सोडियम-पोटॅशियमही जातं. नुसतं पाणी किंवा कोला पिऊन ते भरून येत नाही. ओआरएसच्या एका लिटरात २० मिलिमोल पोटॅशियम असतं. मात्र पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट टाका, अंदाजपंचे चमचे नकोत. जुलाबांबरोबर पाय गळाले, ठोका चुकतोय असं वाटलं किंवा चक्कर आली, तर रूममध्ये पडून राहू नका. रिक्षा करा आणि हॉस्पिटल गाठा. ईसीजी आणि रक्तातल्या इलेक्ट्रोलाइट्सची तपासणी, एवढ्यावर बरंच कळतं.

आणि स्टाफपैकी कोणाच्या घरी किडनीचा पेशंट असेल तर भेटायला जाताना शहाळं नेऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते बाहेर टाकण्याचं काम किडनीचंच.