गोटी, रॅचेट आणि घरची मोटार

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत नट-बोल्टांवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु एके काळी मोजक्या घरांपुरती असलेली मोटार आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या दाराशी उभी असते. बॅटरीची टोके साफ करणे, एअर फिल्टर बदलणे, प्लग तपासणे, प्रसंगी रस्त्यात चाक बदलणे ही कामे स्वतः करणारी मंडळीही आपल्यात आहेत. त्यांची अडचण बहुधा एकच असते, ती म्हणजे हत्यार कोणते घ्यावे? दुकानात गेले की शंभरावर नगांची चकचकीत पेटी पुढे येते, माणूस मोहात पडतो, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक नगांना पुढे कधी हात लागत नाही.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका फजितीमुळे वळले. २०२३ च्या पावसाळ्यात इंदूरहून महूमार्गे महेश्वरास जात असता जाम घाटात मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, मोठी पेटीही होती. परंतु आदल्या आठवड्यात एका टायरच्या दुकानात हवेच्या बंदुकीने नट बेसुमार आवळले गेले होते. पेटीतील आखूड रॅचेटला जोर लावताच गोटी नटावरून सटकली आणि नटाचे कोपरे गोल झाले. गाडीत वयोवृद्ध आई आणि दोन लहान मुले, वर पावसाची झड. अखेर एका ट्रकवाल्याने लांब दांडा आणि जाड गोटी देऊन तो नट सोडवला, तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. पेटीत नगांची वाण नव्हती. योग्य नग मात्र नव्हता. तो कोणता, हेच पुढे सांगावयाचे आहे.

एका गोटीची दोन मापे

गोटी म्हणजे पोलादाचे आखूड नळकांडे. त्याचे एक तोंड नटावर बसते. दुसऱ्या बाजूस चौकोनी भोक असते, त्यात रॅचेटचा अगर दांड्याचा चौकोन बसतो. पहिले माप नट किती मोठा हे सांगते, तर दुसरे त्यावर किती जोर देता येईल हे सांगते. बहुतेक लोक पहिले माप पाहतात आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. नट बिघडतात आणि बोल्ट तुटतात ते पुष्कळदा याच कारणाने.

नटाचे माप

गोटीवर १० किंवा १३ असा आकडा असतो. हे नटाच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. ते बोल्टच्या जाडीचे माप नव्हे. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला आठची गोटी मागणारा माणूस दुकानातून हात हलवीत परत येतो. कारण त्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीच्या गाडीत १२ चे आणि युरोपीय पद्धतीच्या गाडीत १३ चे असते. तसेच सहा मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा १० ची गोटी लागते. दहा मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत १४, तर युरोपीय गाडीत १६ किंवा जुन्या रीतीप्रमाणे १७ ची. बारा मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत १७, युरोपीय गाडीत १८ किंवा १९ ची. म्हणून मारुती, होंडा, टोयोटा असल्यास १०, १२, १४, १७ ही मालिका हाताशी हवी. युरोपीय घराण्याची गाडी असल्यास १०, १३, १६, १८.

ज्यांच्या घरी वडिलांच्या वेळची हत्यारांची ट्रंक आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, तरी रस्त्यावरच्या मोटारी एका दिवसात दशमान झाल्या नाहीत. विलिस जीप अमेरिकन घडणीची, तर ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडवलेली. त्यांचे नट बहुतांशी इंची. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तिचे पाने अनेक घरांत शिल्लक आहेत. अर्ध्या इंचाची गोटी म्हणजे १२.७ मिलिमीटर. ती १३ च्या नटावर चढणारच नाही, आणि १२ च्या नटावर चढेल खरी, पण ०.७ मिलिमीटर सैल राहून कोपरे खाईल. याउलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, ती १९ च्या नटावर बिनदिक्कत चालते. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठच्या नटावर ती घट्ट बसली तर बसते. बाकीच्यांचा नाद सोडावा.

याहून जुने व्हिटवर्थचे पाने तर हमखास फसवतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण ठरवले. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे पाव इंच डब्ल्यू असे कोरलेल्या पान्याचे तोंड पाव इंचाचे नसून सुमारे १३.३ मिलिमीटरचे असते. वडिलांची आठवण म्हणून तो जपावा. आजच्या गाडीला लावू नये.

सहा पैलू की बारा?

गोटीच्या तोंडात सहा पैलू असतात किंवा बारा खाचा. बाराची गोटी नटावर लवकर चढते, म्हणून सोयीची वाटते. परंतु तिचा दाब नटाच्या कोपऱ्यांजवळच्या अरुंद पट्टीवर पडतो. सहा पैलूंची गोटी कोपऱ्यापासून थोडी आत, सपाट बाजूवर दाब देते. नट गंजलेला वा फार आवळलेला असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. घाटात सटकलेली आमची गोटी बाराची होती आणि ट्रकवाल्याची सहाची. घरच्या वापरासाठी सहा पैलूंचीच घ्यावी.

चौकोनाचे माप

आता दुसऱ्या तोंडाकडे वळू. नटाचे माप मिलिमीटरमध्ये असले तरी या चौकोनाचे माप अद्याप इंचात चालते. मिस्त्री लोक ते सुतांत सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे तीन-अष्टमांश इंच आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. जसा चौकोन मोठा, तसा त्याचा दांडाही लांब. साधारणपणे दोन सुती रॅचेट १५ सेंटिमीटर, तीन सुती २० आणि चार सुती २५ सेंटिमीटरच्या आसपास असते.

दांड्याच्या लांबीने काय होते ते हिशेबाने पाहू. नट आवळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हाताचा जोर गुणिले दांड्याची लांबी. प्रौढ माणूस एका हाताने २० किलो वजनाइतका ओढा सहज देतो, म्हणजे सुमारे १९६ न्यूटन. हाच ओढा २५ सेंटिमीटर दांड्याच्या टोकाशी दिला की ४९ न्यूटन-मीटर होतात. सहा मिलिमीटरच्या साधारण पोलादी बोल्टला लागतात सुमारे १०. म्हणजे चार सुती रॅचेटने १० ची गोटी फिरवणारा माणूस नकळत पाचपट जोर लावतो, आणि बोल्ट डोक्याशी तुटतो किंवा ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे जातात. उलट चाकाच्या नटाला लागणारे १०० न्यूटन-मीटर १५ सेंटिमीटरच्या दोन सुती रॅचेटने द्यावयाचे तर जवळजवळ ६८ किलोचा ओढा हवा. तितक्याने रॅचेटच मोडेल.

यावरून साधा नियम निघतो. १० पर्यंतच्या नाजूक नटांस दोन सूत, १० ते १७ पर्यंतच्या इंजिनकामास तीन सूत, आणि १७ पासून पुढे व चाकांस चार सूत. ज्याला एकच संच घ्यावयाचा आहे त्याने तीन सुती घ्यावा. १० च्या नटावर तो वापरताना दांडा टोकाशी न धरता डोक्याजवळ धरावा, म्हणजे जोर आपोआप आवरतो.

रॅचेट कशासाठी?

रॅचेट हे वेगाचे हत्यार आहे. त्याच्या आत दातेरी चाक आणि खिट्टी असते. दांडा मागे आणला तरी गोटी मागे फिरत नाही. २४ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडण्यासाठी १५ अंश फिरावे लागते, ७२ दातांच्या रॅचेटला पाचच अंश. इंजिनाच्या अडचणीच्या जागी, जिथे हात जेमतेम हलतो, तिथे ७२ दातांचे रॅचेट काम करते आणि २४ चे अडून बसते. परंतु दात जितके बारीक, तितके ते दांडगाईने मोडण्याची भीती अधिक. म्हणून घट्ट नट प्रथम साध्या लांब दांड्याने सैल करावा आणि मग रॅचेट लावावे. रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवून जोर करणे म्हणजे हत्यार आणि बोटे दोन्ही धोक्यात घालणे होय.

पेटीत काय असावे?

तीन सुती, ७२ दातांचे रॅचेट एक. सहा पैलूंच्या गोट्या ८, १०, १२, १३, १४, १६, १७ व १९. त्यांत १० ची दोन घ्यावी. इंजिनाच्या पोटात पडून हरवते ती नेमकी हीच. जोडदांडे दोन, एक सुमारे ७५ मिलिमीटरचा व दुसरा १५० चा. प्लगसाठी आत रबर किंवा चुंबक असलेली खोल गोटी. पुष्कळ गाड्यांना ती १६ ची लागते, जुन्यांना २१ ची, काही नव्यांना १४ ची. चाकासाठी चार सुती, ४५ ते ६० सेंटिमीटर लांब दांडा आणि आपल्या नटाच्या मापाची एक खोल गोटी. मारुती व होंडाच्या नटांना बहुधा १९, ह्युंदाई व टोयोटाला २१, फोक्सवॅगनला १७ लागते. मिश्रधातूच्या चाकांतील खोबणी अरुंद असतात, तेथे गोटीची भिंत पातळ हवी. म्हणून घेण्यापूर्वी चाकात घालून पाहावी. धातू क्रोम-व्हॅनेडियम असावा. मात्र अशी चकचकीत गोटी हवेच्या बंदुकीला लावू नये. ती फुटून तुकडे उडू शकतात. बंदुकीच्या गोट्या वेगळ्या, जाड आणि काळ्या असतात.

बॅटरीचे १० चे नट सोडताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना शेवटी जोडावे. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोकावर असलेले रॅचेट सांगाड्याला टेकले तर ठिणग्या उडून हात भाजतो.

चाकाचे नट

बाकी नट बिघडले तर गाडी उभी राहते. चाकाचे नट बिघडले तर जिवावर बेतते. म्हणून हे काम क्रमाने करावे. गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा. चाक बसवताना सर्व नट प्रथम हाताने फिरवावेत, म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत. गाडी खाली उतरवून एकाआड एक, समोरासमोर आवळावे. आट्यांना तेल लावू नये. तेल लावलेला नट त्याच जोरात प्रमाणाबाहेर ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासावे. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली, घोडी लावल्याशिवाय, कोणीही शिरू नये, एका नटापुरतेही नाही.

किती आवळावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. छोट्या मोटारींचा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. १०० चा हिशेब धरला तर ४० सेंटिमीटर दांड्याच्या टोकाशी सुमारे २५ किलोचा ओढा पुरतो. दांड्यावर उभे राहून नाचण्याची मुळीच गरज नाही. नेमके माप हवे असेल तर टॉर्क पाना लागतो. ठरवलेला जोर झाला की तो टक् असा आवाज देतो. आवाज होताच थांबावे. त्याने नट सोडवू नये, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा.

हा पाना महाग असतो आणि एका घराला वर्षातून दोन-चार वेळाच लागतो. म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या कार्यालयातून सभासदांना चाकाची खुर्ची आणि कुबड्या वापरावयास मिळतात, त्याच कपाटात एक चार सुती टॉर्क पाना, लांब दांडा आणि १७, १९, २१ च्या तीन गोट्या ठेवाव्यात. सहलीला वा लग्नकार्याला परगावी निघणाऱ्या कुटुंबाने आदल्या संध्याकाळी ते न्यावे, चारही चाके तपासावी आणि सकाळी परत करावे. सुरुवातीला ही हत्यारे देण्याची आणि एखाद्या रविवारी ती कशी वापरावी हे दाखवण्याची जबाबदारी प्रस्तुत लेखक आनंदाने घेईल.